पदरची वाक्यं

"शालन कवठेकर यांच्या जाण्यानं मराठी रंगभूमीवरचं हसू कायमचं विझलं आहे!"

"एवढं नको ओ साहेब," माईकवाला म्हणाला. "नुसतं एक, दोन, तीन म्हना."

मी एक, दोन, तीन म्हटलं. ते जास्त स्पष्ट आलं, असं त्याचं मत पडलं.

हा माईकवाला म्हणजेच त्या हॉलचा शिपाई, झाडूवाला आणि पहारेकरी. नाव रावसाहेब. पदवी नव्हे, नाव. त्यामुळं मी त्याला रावसाहेब म्हणत होतो, तो मला साहेब म्हणत होता, आणि लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की दोन मोठी माणसं काहीतरी महत्त्वाचं ठरवताहेत. आम्ही ठरवत होतो ते एवढंच, की फोटोच्या डाव्या बाजूला उदबत्तीचं घर ठेवायचं की उजव्या. डाव्या बाजूला पंखा होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. सांगलीतल्या एका नाट्यमंडळाचा हॉल, रविवार, सकाळचे दहा. साडेदहाला शालनबाईंची शोकसभा होती आणि मी मुख्य वक्ता होतो. शालनबाईंनी माझ्या 'आत्याबाईंचा मुक्काम' या नाटकाचे आठशे वीस प्रयोग केले. नाटक माझं, असं मी म्हणतो. प्रेक्षक कधीच म्हणाले नाहीत. ते 'शालनबाईंचं नाटक' म्हणायचे, आणि लेखक कोण असं विचारलं तर डोकं खाजवायचे.

दिसायला बाई शेजारच्या घरातल्या वाटायच्या. कुठल्याही घराच्या शेजारच्या. बुटक्या, गोल, कपाळाला आडवं कुंकू. स्टेजवर येऊन हातातली पिशवी ठेवायला जागा शोधायच्या, नुसती जागा शोधायच्या, आणि तेवढ्यावर लोक मिनिटभर हसायचे. हसण्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. हशा आला की मनात चार मोजायचे, मग पुढचं वाक्य. "चारच्या आधी बोलणारा नट नि चालत्या एसटीतनं उतरणारा पाशिंजर," त्या म्हणायच्या, "दोघं बी तोंडावर पडत्यात."

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याला घरी वाटाणे सोलत होतो. "बरं," म्हणालो. फोन ठेवला आणि उरलेले वाटाणे सोलले. अर्धा किलो होते. मग वाट बघत बसलो, की आता काहीतरी होईल. घशात येईल, छातीत येईल, कुठंतरी येईल. काही आलं नाही. बायकोनं विचारलं, "रडलात का?" मी म्हटलं, "अजून नाही." पाच दिवस झाले तरी उत्तर तेच होतं.

भाषण मात्र झकास झालं होतं. चार पानं. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिल्यावर माणसाला श्रद्धांजली लिहायला वेळ लागत नाही. जिवंत माणसाच्या ज्या ज्या गुणांची आपण टिंगल केलेली असते, तेच मेल्यावर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे असतात.

रावसाहेब उदबत्ती लावायला गेला आणि मी मागच्या मेकअपच्या खोलीत जाऊन बसलो. तिथं कालिंदी आली.

कालिंदी ही शालनबाईंची भाची. बाईंनी लग्न केलं नाही. बहीण वारल्यावर तिची ही मुलगी त्यांनीच वाढवली. तासगावच्या शाळेत मास्तरीण होती. चाळिशीची, शांत, हातात कापडी पिशवी. सभेत ती नाटकातले दोन उतारे वाचणार होती: आत्याबाईंचा पहिला प्रवेश आणि शेवटचा.

"उपळेकर काका, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "कुठलं वाचू? पुस्तकातलं की मावशीचं?"

"देशमान्यांनी प्रुफं दिली ना तुला? त्यातलं वाच."

देशमाने म्हणजे माझे प्रकाशक. शालनबाई गेल्या त्याच संध्याकाळी त्यांनी नाटकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं होतं. प्रकाशकांना दुःख फार लवकर सुचतं.

"त्यात मावशीचं एकही वाक्य नाही," कालिंदी म्हणाली.

"नाटक मी लिहिलंय, कालिंदी."

"हो. ते मावशीलापण ठाऊक होतं."

तिनं हे कुचकेपणानं म्हटलं नाही. वर्गात एखादं पोर 'बाई, खडू आपोआप तुटला' म्हणतं, तेव्हा बाई ज्या आवाजात 'हो का' म्हणतात, त्या आवाजात म्हटलं.

मग तिनं पिशवीतून एक वही काढली. तपकिरी कव्हरची, कोपरे झिजलेली. ती शालनबाईंची नक्कल होती. नाटकवाले नटाच्या वाट्याची वाक्यं वहीत उतरवून घेतात, तिला नक्कल म्हणतात. माझी वाक्यं शाईनं लिहिलेली होती. त्यांतल्या बऱ्याचशांवर शिसपेन्सिलीनं आडवी रेघ, आणि वर शिसपेन्सिलीनंच दुसरं काहीतरी. ही बाईंची पदरची वाक्यं. प्रयोगात ऐनवेळी सुचलेली, हशा आला म्हणून राहिलेली. प्रत्येकापुढं बारीक 'श' काढलेला होता.

"देशमाने म्हणाले, उद्या छपाईला जाणार," कालिंदी म्हणाली. "लेखकानं आज हो म्हटलं तर ही वाक्यं अजूनही घालता येतील. म्हणून विचारते. मावशीच्या कामाचं कुणी चित्रण केलं नाही. बघणारी माणसं म्हातारी झाली. पुस्तकात नसेल तर मग मावशी उरली नुसती त्या फोटोत."

"पहिल्या आवृत्तीत जे होतं तेच राहील."

"बरं," ती म्हणाली. हट्ट केला नाही. वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. "सगळ्या वाक्यांपुढं 'श' आहे. एवढ्या एकापुढं 'ब' आहे. ब कोण ओ काका? मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, लेखकरावांना विचार, ते सांगतील."

मी पानाकडं बघितलं. बघायची गरज नव्हती.

"बार्शी असेल," मी म्हणालो. "ते वाक्य त्यांनी बार्शीच्या प्रयोगात पहिल्यांदा घेतलं."

ही माहिती खरी होती. खोटं बोलायची वेळ आली की मी शक्यतो खरी माहिती वापरतो.

कालिंदीनं वही मिटली.

आता इथं एक मागचं सांगायला हवं. पहिली आवृत्ती निघाली ती नाटक बंद पडल्यावर. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, 'प्रयोगांच्या ओघात नटांनी घुसडलेली पदरची वाक्यं गाळून ही शुद्ध संहिता सादर करीत आहे.' हे बाईंच्या कानावर छपाईआधीच गेलं. एका दुपारी त्या पुण्याला माझ्या दारात उभ्या. हातात किलोभर भडंग.

"लेखकराव," बसल्या बसल्या म्हणाल्या, "समदी गाळा. तुमचं नाटक हाय. एक तेवढं ठेवा."

"कुठलं?"

"शेवटचं."

"ते तुमचं नाही, बाई."

"मग कुणाचं हाय?"

मी आतल्या बाजूला तोंड करून बायकोला म्हटलं, "चहा टाकतेस का?"

"चहा झाला असला तर असू दे," बाई उठत म्हणाल्या. हे त्यांचंच नाटकातलं गाजलेलं वाक्य. त्याचा दुसरा अर्धा भाग आहे, 'नसला झाला तर मी थांबते.' तो त्या दिवशी त्या म्हणाल्या नाहीत, आणि थांबल्याही नाहीत. त्यानंतर पंचवीस वर्षं आम्ही बोललो नाही. दिवाळीला भडंग मात्र यायचा. बरोबर चिठ्ठी नसायची. मी खायचो.

साडेदहाला हॉल भरला. तीनशे खुर्च्या, आणि मागं उभी असलेली माणसं. बहुतेक साठीच्या पुढची. अध्यक्ष बोलले. त्यांना बाईंची फारशी माहिती नव्हती, त्यामुळं ते नाट्यगृहाच्या पार्किंगवर बोलले. दोन मिनिटं शांतता झाली. मी घड्याळ बघितलं, एक मिनिट दहा सेकंद. मग माझं भाषण. हसू कायमचं विझलं आहे वगैरे. लोकांनी ते ऐकून घेतलं. चार पानं वाचली, चारही पानांत एकदाही आवाज कापरा झाला नाही. खाली बसताना वाटलं, ही चार पानं कुणाच्याही शोकसभेत चालतील, नाव तेवढं बदलायला लागेल. वाटलं एवढंच. त्याचंही काही वाटलं नाही.

मग कालिंदी माईकशी आली. प्रुफांची पानं हातात. तिनं आत्याबाईंचा पहिला प्रवेश सुरू केला. आत्याबाई भाच्याच्या घरी दोन दिवसांसाठी म्हणून येतात आणि दोन वर्षं हलत नाहीत, असं ते नाटक. दारात उभ्या राहून त्यांचं पहिलं वाक्य, माझं, पुस्तकातलं:

"किती वर्षांनी या घराचा उंबरठा ओलांडते आहे! माणसांनी नाही ओळखलं तरी चालेल, या भिंतींनी मला ओळखलं पाहिजे!"

हॉल गप्प. शोकसभा होती, गप्प असणारच. पण ही शांतता वेगळी होती. पानात आमटीऐवजी कढी वाढली गेली की माणूस जसा क्षणभर पानाकडं बघतो, तशी.

तिसऱ्या रांगेतून एक खडा आवाज आला. "चहा झाला असला तर असू दे!"

पांढरी टोपी, मोठ्या मिशा. नंतर कळलं की हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. नाटक एकतीस वेळा बघितलेले.

आणि पाठीमागून, बायकांच्या बाजूनं, चारपाच जणी एकदम: "नसला झाला तर मी थांबते!"

हॉल हसला. अध्यक्षांनी घाईनं हातातली कार्यक्रमपत्रिका बघितली. हशा त्यात नव्हता.

कालिंदीनं माझ्याकडं बघितलं. मी प्रुफांकडं बोट केलं. तिनं आज्ञाधारकपणे पुढं वाचलं. भाचा विचारतो, आत्या, किती दिवस मुक्काम? त्यावर पुस्तकातल्या आत्याबाई म्हणतात:

"रक्ताच्या नात्यात दिवस मोजायचे नसतात, बाळ."

"आवं, बरणी दाखवायची!" कंडक्टर उभेच राहिले. त्यांनी हवेत एक बरणी धरली आणि सगळ्या हॉलला दाखवली. "ह्ये लोनचं मुरलं की निघालेच!"

परत हशा. पहिल्यापेक्षा मोठा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कालिंदी माझं वाक्य वाचायची आणि तीनशे माणसं ते दुरुस्त करायची. मी स्टेजवर, फोटोच्या शेजारी. असा प्रसंग लेखकाच्या आयुष्यात सहसा येत नाही, कारण तोवर तो मेलेला असतो. बाई फोटोतून समोर बघत होत्या. माझ्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. हशा चालू असताना कधीच बघायच्या नाहीत. मोजत असायच्या.

मग शेवटचा प्रवेश आला.

पुस्तकात तो असा आहे. घरातल्यांच्या कुजबुजी कानावर पडल्यावर आत्याबाई पिशवी भरतात आणि दारात उभ्या राहून एक मोठं भाषण करतात. घर म्हणजे काय, नातं म्हणजे काय. पाऊण पान. ते ऐकून भाचा आणि सून त्यांचे पाय धरतात, 'आत्या, जाऊ नका.' आत्याबाई पिशवी खाली ठेवतात. पडदा. हे मी लिहिलं तेव्हा मला फार आवडलं होतं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात जाईल असं वाटलं होतं.

कालिंदीनं ते सगळं वाचलं. कुणी दुरुस्ती केली नाही. पाऊण पानभर हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता. मी मनात म्हटलं, बघा, चांगलं लिहिलेलं लोक शेवटी ऐकतातच.

"आत्याबाई पिशवी खाली ठेवतात. पडदा," कालिंदी म्हणाली आणि पानं मिटली.

कुणी उठलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे बसून राहिले. सभा संपली हे सांगायला अध्यक्ष अर्धवट उठले आणि परत बसले.

कंडक्टर आपल्या शेजाऱ्याला म्हणाले. हळूच म्हणाले, पण त्यांचा हळू आवाजही शेवटच्या सीटपर्यंत जाणारा होता.

"म्हंजे आत्याबाई गेल्याच न्हाईत व्हय?"

या वेळी कुणी हसलं नाही.

कालिंदी माईकपाशीच उभी होती. तीनशे माणसं तिच्याकडं बघत होती आणि ती माझ्याकडं. त्या सगळ्यांना ते वाक्य पाठ होतं. कंडक्टरांनासुद्धा. पण पुढाकार कुणी घेत नव्हतं. चहाचं वाक्य कुणीही म्हणावं, लोणच्याचं कुणीही म्हणावं. हे बाईंनी म्हणायचं होतं, आणि बाई भिंतीवर होत्या.

मी उठलो. का उठलो ते विचारू नका. पाय आखडले होते असंही म्हणता येईल. कालिंदी बाजूला झाली. माईकमध्ये मी ते वाक्य म्हटलं.

"कडी लावू नका. नुसतं लोटून घ्या."

हे एवढंच. आठव्या प्रयोगापासून आठशे विसाव्यापर्यंत बाईंनी माझं पाऊण पान फेकून देऊन हे एवढंच म्हटलं होतं. कुणी पाय धरत नाही, काही नाही. पाठमोऱ्या, पिशवी उचलता उचलता म्हणायच्या आणि निघून जायच्या. त्या दिसेनाशा झाल्या की भाच्याचं काम करणारा नट चवड्यांवर धावत जायचा आणि दाराला कडी घालायचा. खट्ट! त्या आवाजावर प्रेक्षागृह कोसळायचं. नाटकातला सगळ्यात मोठा हशा. त्या हशावर पडदा.

माझ्या तोंडून वाक्य सपाट आलं. एक, दोन, तीन म्हटल्यासारखं. कुणी हसलं नाही, पण सगळे किंचित पुढं झुकले. मला कळलं, ते खट्ट होण्याची वाट बघताहेत. आता पुढचं काहीतरी म्हणणं भाग होतं.

"कडी मी लावली होती," मी म्हणालो.

आणि हॉल कोसळला.

अक्षरशः कोसळला. कंडक्टर टोपीनं डोळे पुसत होते. बायका एकमेकींच्या खांद्यावर. देशमाने पोट धरून. अध्यक्षांनी शेवटी शोकसभेची आशा सोडली आणि तेही हसले. लेखकानं कसा नेमका टोला मारला! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही! चाळीस वर्षं सदर लिहिलं, नऊ नाटकं लिहिली. एका वाक्याला एवढा हशा मला कधी मिळाला नव्हता.

मी चार मोजले. मग पाच मोजले, सहा मोजले. पुढचं वाक्य माझ्याकडं नव्हतं. मी खाली बसलो.

नाटक नवं असताना, सातवा प्रयोग सोलापूरला करून आम्ही दुपारच्या उन्हात बार्शीला निघालो होतो. बसमध्ये बाकीचे झोपलेले. बाई माझ्या शेजारी. म्हणाल्या, "लेखकराव, तुमची आत्याबाई लई गोड बोलती शेवटी. खरी नाही वाटत. कुठनं आणली?"

मी म्हटलं, "माझी आत्या होती. बनूआत्या."

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. बनूआत्यानं मला वाढवलं. पुढं मी पुण्याला नोकरीला लागलो, लग्न झालं, दोन खोल्या घेतल्या, आणि गुडघे धरल्यावर ती माझ्याकडं आली. सात महिने राहिली. बायको काही म्हणाली नाही. मीच म्हणालो. फार सभ्य शब्दांत म्हणालो, भाषेवर प्रभुत्व होतंच. गावी तिचा एक चुलतभाऊ होता. तिनं एका शब्दानं वाद घातला नाही. लोणच्याची बरणी मला ठेवली. निघाली तेव्हा दारात पाठमोरी, पिशवी उचलता उचलता म्हणाली, "कडी लावू नको रे. नुसतं लोटून घे."

आमच्या जिन्याला अठरा पायऱ्या होत्या आणि तिला एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरावी लागायची. ती चौथ्या की पाचव्या पायरीवर असेल. मी कडी लावली. लावायची म्हणून नाही. पुण्यात दार बंद केलं की हात आपोआप कडीकडं जातो. लोखंडी कडी होती, आवाज यायचा. पायऱ्यांवरचा पावलांचा आवाज थांबला. थोडा वेळ थांबला. मग परत सुरू झाला.

गावी आठ महिने होती. मग गेली. त्यानंतर दोन वर्षांनी मी, जी आत्या काही केल्या घरातून जात नाही, अशा आत्यावर विनोदी नाटक लिहिलं. शेवटी तिला भाषण दिलं, भाच्याला तिचे पाय धरायला लावले आणि तिला ठेवून घेतली.

हे सगळं मी बाईंना बसमध्ये विनोद म्हणून सांगितलं. माझी सांगायची पद्धतच तशी. कडीचा आवाजसुद्धा तोंडानं काढून दाखवला. बाई हसल्या नाहीत. बार्शी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. त्या रात्रीच्या प्रयोगाआधी भाच्याचं काम करणाऱ्या नटाला कोपऱ्यात घेऊन एवढंच म्हणाल्या, "मी बाहेर पडले की पळत जा नि कडी घाल. आवाज लांबपर्यंत जाऊ दे."

मी विंगेत उभा होतो. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला उभा असायचो. लेखक किती प्रामाणिक, असं लोक म्हणायचे. आठशे तेरा वेळा ती कडी लागली आणि आठशे तेरा वेळा लोक हसले. पडदा पडल्यावर बाई माझ्यासमोरून जायच्या. नुसत्या बघायच्या, की आज तरी मी काही म्हणतोय का. मी म्हणायचो, "हशा छान आला."

सभा संपली. लोक येऊन हात मिळवून गेले. कंडक्टरही आले.

"छान बोललासा," म्हणाले, "पर त्ये कडीचं वाक्य तोंडावर नसतं म्हनायचं. लोकांकडं पाठ करून म्हनायचं असतंय."

"चुकलंच," मी म्हणालो.

"बाई पाठ करूनच म्हनायच्या," ते म्हणाले, आणि गेले.

हॉल रिकामा झाला. मी स्टेजवरच्या खुर्चीत बसून होतो. कालिंदी समोर येऊन बसली, पायरीवर, मांडीवर प्रुफं आणि वही. लोक हसत होते तेव्हा ती हसली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"पेन्सिल आहे?" मी विचारलं.

मास्तरणीकडं पेन्सिल असतेच.

"घाल सगळी," मी म्हणालो. "चहाचं, लोणच्याचं, सगळी. जिथं जिथं 'श' आहे तिथं माझं काढ. खाली तळटीप टाकायला सांग देशमान्यांना, की ही वाक्यं शालन कवठेकर यांची."

"आणि प्रस्तावना?"

"ती पूर्ण काढ. वाईट लिहिली आहे."

ती एकेक वाक्य उतरवत गेली. अक्षर बाईंसारखंच, गोल. अर्धा तास गेला असेल. मी फोटोखालची उदबत्ती बघत होतो. जळून संपली होती, राख अजून उभी होती. मी परत वाट बघितली, घशात, छातीत. काही नाही. नुसती भूक लागली होती.

शेवटच्या पानाशी ती थांबली. माझ्या पाऊण पानावर तिनं आडवी रेघ मारली. सावकाश, पट्टी लावल्यासारखी. त्याच्या वर वाक्य लिहिलं. आणि पेन्सिल तशीच धरून वर बघितलं.

"याच्यापुढं काय लिहू, काका?"

"ब म्हणजे बार्शी नाही," मी म्हणालो.

तिनं पेन्सिलीचं टोक पानावर टेकवलं. वर्गात गप्प बसायचं तिला चांगलं जमत असणार.

"बनूबाई उपळेकर," मी म्हणालो. "माझी आत्या. वाक्य तिचं आहे. शालनबाईंनी फक्त सांभाळलं."

कालिंदीनं लिहिलं. मला शब्द दिसत होते, मी वाचले. छापील पानाच्या कडेला, शिसपेन्सिलीनं, माझ्या आत्याचं नाव. तेव्हा मला असं वाटलं, की आता काहीतरी येतंय. खालून, पोटातून, फार लांबून, जिन्याच्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, सावकाश काहीतरी वर येतंय. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

मागं किल्ल्यांचा जुडगा वाजला. रावसाहेब दारात उभा होता. एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात रिकामा डबा.

"साहेब," तो म्हणाला, "जरा भाईर येतासा का? कडी लावायची हाय. जेवायला जायाचंय."